दुपारी एक ते चार गिरणी चालू राहील

काका, कालही डीपीचा फ्यूज उडाला नाही.

मे महिना आहे, बाहेर नुसती भट्टी पेटली आहे. गल्लीत घरटी एक कूलर, नव्या भाडेकरूंचे एसी वेगळे. संध्याकाळचे सात वाजले होते आणि आपल्या नऊ इमारतींना वीज वाटणारा कोपऱ्यावरचा तो राखाडी ट्रान्सफॉर्मर, आपली डीपी, गुणगुणत उभा होता. तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. सोळा दिवसांत एकदाही दिवे गेले नाहीत. ही बातमी रोज सकाळी तुम्हाला द्यायची मला सवय लागली आहे, ती एकदम कशी मोडू?

तुम्ही कुठे जन्मलात, किती शिकलात, हे बाकीचे लिहितील. मला आधी तुमचं जाणं सांगायचं आहे, कारण ते बघायला तुम्ही नव्हतात. गेल्या वर्षी दवाखान्यातून घरी येताना रिक्षात तुम्ही काकूंना बजावलं होतंत, "मला विद्युतदाहिनीत न्या, लाकडं नकोत. पण संध्याकाळी सहा ते आठ नको. तेव्हा लोड असतो." काकू चिडून दोन दिवस बोलल्या नव्हत्या. त्या सकाळी तुम्ही गेलात आणि गुरुजी म्हणाले, "नाशिकची मंडळी येईपर्यंत थांबू, सहापर्यंत नेऊ." काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सहा नाही. पाचच्या आत. नाहीतर मला बोलणी खावी लागतील." दारात रडत उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या बायका फस्सकन हसलो. मग पुन्हा रडलो. साडेचारला तुम्हाला नेलं, दातारकाका. जातानासुद्धा तुम्ही लोड वाढवला नाहीत.

तुमची माझी ओळख भांडणातून झाली हे आता नव्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

मी वाघोलीची. लग्न करून सदाशिव पेठेत आले ती थेट सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीत. पुढे गिरणी, मागे एक खोली, एवढाच संसार. नवरा गेला तेव्हा लेक मनू तिसरीत होती. तिसऱ्या महिन्यात मी स्वतः पट्टा चढवायला शिकले. तुम्ही तेव्हा समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. पिंपरीच्या कारखान्यात मेंटेनन्सला तीस वर्षं काढलीत, मग कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि तुम्ही सही करून घरी आलात. आल्यावर तुम्ही दोनच गोष्टी मनापासून केल्यात, दुपारची झोप आणि दुसऱ्यांच्या चुका काढणं.

त्या वर्षांत लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. लोकांनी जमवून घेतलं होतं. कुकर आधी लावायचा, मेणबत्ती हाताशी ठेवायची. पण आपल्या गल्लीतला अंधार वेळापत्रकाच्या बाहेरचा. सगळ्या पेठेत दिवे असायचे आणि सहाच्या सुमाराला आपली डीपी फट् करायची. वायरमन येईपर्यंत तास-दीड तास नऊ इमारती काळोखात. काळोखात बसलेल्या माणसांना फट् होण्याआधीचा एकच आवाज आठवायचा, माझ्या गिरणीचा. दहा हॉर्सपॉवरची मोटार! दुसरा आरोपी शोधायची गरजच काय?

वीज कंपनीच्या कचेरीत अर्ज गेला. वस्तीतली गिरणी हलवावी, खाली ओळीने सह्या. मला बोलावणं आलं. साहेब माणूस भला होता, म्हणाला, "बाई, पाहणी करू. पण गिरणीमुळेच होतंय असं निघालं तर जोडणी तोडावी लागेल." मी घरी आले आणि जात्याला टेकून बसून राहिले. माझा भाऊ वाघोलीहून आला. "कशाला हितं लोकांची बोलणी खाती? आपल्याकडं बिल्डिंगा उठत्यात, कॉलेजं झाल्यात, रोडला गाळा बी हाय. चल घरी." तो प्रेमाने म्हणत होता, पण मला घाम फुटला. गाळा घेऊन बस्तान बसेपर्यंत दोन-चार वर्षं भावाच्या ओसरीवर काढायची होती. मनूची शाळा सुटली असती. तिला नुकतं गणितात पैकीच्या पैकी पडायला लागले होते.

अशात एका सकाळी तुम्ही टाँग टेस्टर घेऊन दारात उभे. तारेला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं ते यंत्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"सुनंदाबाई, तुमची मोटार मोजायची आहे."

"मोजा," मी म्हणाले, "आणि फाशीचा दोरही त्याच मापाचा आणा."

"आधी पुरावा. दोराचं नंतर बघू," तुम्ही म्हणालात. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

मग तीन संध्याकाळी तुम्ही वही घेऊन गल्लीत फिरलात. कचेरीतल्या वायरमनला पटवून डीपीवरही मोजलंत. लोकांना वाटलं, दातारांना निवृत्ती मानवली नाही. आणि चौथ्या दिवशी तुम्हाला सापडलं ते इतकं साधं होतं की कुणाला दिसलंच नव्हतं. सहाला कॉर्पोरेशनचं पाणी यायचं. कुणीतरी जिन्यातून ओरडायचं, "पाणी आलं!" आणि त्याच मिनिटाला नऊ इमारतींचे नऊ पंप चालू. काका, प्रत्येक इमारतीखाली पाण्याची टाकी बांधून पंधरा-पंधरा वर्षं झाली होती! पाणी आपलं आपण त्या टाकीत पडत होतं. ते गच्चीवर चढवायचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाही झालं असतं. पण नळाला पाणी आलं की बादल्या घेऊन धावायची आपल्या लोकांची सवय. बादल्या गेल्या, धावणं राहिलं, आता बटणाकडे धावत होते. त्यात सहालाच नोकरदार माणसं डबे घेऊन माझ्याकडे रांगेला, म्हणजे माझी मोटारही त्याच वेळी.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गिरणीच्या पायरीवर आलात. आत नाही आलात. "नऊ चोर सापडले. तुम्ही दहाव्या," एवढं बोललात आणि गेलात. पुण्यात माफी अशीच मागतात, हे मला तोवर कळलं होतं.

तुमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झालेली ती सभा मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही सांगितलंत, कारखान्यात आम्ही दोन मोठ्या मोटारी कधी एकदम सुरू करत नसू, सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट ओढते. मग तुम्ही तक्ता वाचलात. साडेनऊपासून एकेका इमारतीने पाळीपाळीने पंप लावायचा. एक आजोबा उठले, "आमची पाळी अकराला? अकराला आमच्याकडे पानं घेतात."

"पंप जेवत नाही," तुम्ही म्हणालात.

तिथवर ठीक चाललं होतं. मग कुणीतरी विचारलं, गिरणीचं काय? आणि तुम्ही म्हणालात, "गिरणी दुपारी एक ते चार."

सदाशिव पेठेत! दुपारी एक ते चार! पेठेत त्या वेळी फोनसुद्धा दबकत वाजतो. तळमजल्यावरचे वकील शांतपणे म्हणाले, "दातार, आम्ही संध्याकाळचा काळोख सहन करू. दुपारचा आवाज नाही." टाळ्या पडल्या, काका.

आणि अडचण फक्त झोपेची नव्हती. दळण टाकून जायची रीत आपल्याकडे नव्हतीच. आपला डबा आपल्यासमोर रिकामा व्हायचा, आधी कुणाचं काय दळलं ते विचारायचं, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायला लावायचं, मग डबा उचलायचा. माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. माणूस आपल्या पिठाशी उभा राहतोच. बायका म्हणाल्या, "सुनंदा सरळच आहे हो. पण दुपारी कोण उभं राहणार? एकादशीच्या वरीत बाजरी मिसळली तर?" मी उठून निघालेच होते. तेवढ्यात तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "मी उभा राहतो. सगळ्यांच्या वतीने. रोज एक ते चार."

"आणि तुमची झोप?" वकिलांनी विचारलं.

"तीस वर्षं शिफ्ट केली आहे. आणखी एक."

मागून काकू म्हणाल्या, "यांना बसू दे. निदान तीन तास घरात शांतता." आणि ठराव पास झाला. एका महिन्याच्या बोलीवर.

काय महिना होता तो! पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या दाराला आतून तुमची स्वतःची कापसाची गादी ठोकलीत. माझ्या देखत, चार इंची खिळ्यांनी. जात्याखाली रबराचे तुकडे सरकवलेत. आवाज गेला नाही, पण त्याची घरघर झाली. मग लोखंडी स्टूल घेऊन बसलात, मांडीवर वही, नाकापर्यंत रुमाल. प्रत्येक डब्यावर खडूने नाव, त्यापुढे धान्य, त्यापुढे वेळ. ज्वारी झाली की जातं साफ करून घ्यायचात, गहू झाला की पुन्हा. वरी-राजगिऱ्याला वेगळा वार. चारला उठायचात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. संध्याकाळी लोक डबा घ्यायला यायचे आणि मला काही न विचारता तुम्हाला विचारायचे, "दातार, बरोबर ना?" तुम्ही नुसती वही पुढे करायचात.

मला राग यायचा, खरं सांगते. माझी गिरणी, माझे हात, आणि साक्ष तुमची. एकदा मी बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "बाई, मी गेल्यावर ते तुम्हाला विचारतील. तोवर मी आहे." त्या दिवशी तुम्ही 'मी गेल्यावर' म्हणालात ते घरी गेल्यावर अशा अर्थाने होतं की कसं, ते मला आता विचारता येत नाही.

आणि फ्यूज? पहिल्या आठवड्यात एकदा उडाला, चार इमारतींनी सवयीने सहाला एकदम पंप लावले होते. तुम्ही जाऊन त्यांच्या पंपांच्या खोल्यांना कुलपं घातलीत आणि किल्ल्या खिशात ठेवल्यात. तो शेवटचा. दुसरा आठवडा, तिसरा, भर मे महिना, एकदाही फट् नाही. महिना भरला त्या संध्याकाळी वायरमन सायकलवरून आपणहून आला. डीपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय हो, महिना झाला, बोलावलं नाहीत. गल्ली सोडून गेलात की काय सगळे, म्हणून बघायला आलो." त्याला मी चहा पाजला. गल्लीभर दिवे लागलेले होते, कूलर चालू होते, वकिलांच्या टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या, आणि तो माणूस पायरीवर बसून चहा पीत म्हणत होता, "असं कधी पाहिलं नाही." मला ओरडावंसं वाटत होतं, काका. जिंकलो! एक नवी तार ओढली नाही, एक जादा युनिट कुठून आणलं नाही, आणि जिंकलो!

साहेबांनी अर्ज निकालात काढला. मी वाघोलीला फोन लावला, "दादा, गाळा दुसऱ्याला दे. म्या हितंच हाय." तो म्हणाला, "बरं झालं. तुझी वैनी बी तेच म्हनत हुती." मग मी मनूला जवळ घेऊन पोटभर रडले.

बोली महिन्याची होती, पण तुमचं एक ते चारचं स्टूल काही उठलं नाही, आणि त्यानंतर तुम्हाला आवरणं कठीण झालं. शेजारच्या गल्ल्या यायला लागल्या, आमचा तक्ता करून द्या म्हणून. तुम्ही आधी त्यांचा अपमान करायचात, मग तक्ता द्यायचात. मग गच्च्यांवर सौर बंब आले, सकाळचे गीझर बंद झाले. पिवळे बल्ब गेले. मनू कॉलेजात गेल्यावर तुमच्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला लागली. तुम्ही तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणायचात, "आकडा माझ्या वहीतला बरोबर. तुझ्या यंत्राला विचार, ते का चुकलं." ते चुकलेलं नसायचं, पण तुम्हाला कोण सांगणार?

आणि मग तो सौर पॅनेलचा हट्ट. आमच्या इमारतीच्या गच्चीवर पॅनेलं बसवून गिरणी उन्हावर चालवायची. तुम्ही हिशेब न करताच हसत होतात, कारण ऊन सगळ्यात कडक तेव्हाच माझी मोटार चालू. "एक ते चार! बाई, सूर्यही आपल्याच तक्त्यावर आहे." पण बायकांनी गच्ची अडवली. कुरडया कुठे घालायच्या? सांडगे? तुम्ही शास्त्र सांगत बसलात, काकूंनी दोरी आणली, गच्ची मापली आणि अर्धं ऊन पॅनेलांना, अर्धं कुरडयांना असा निवाडा केला. आजही तसंच आहे. या वर्षीच्या कुरडया फार छान फुलल्या आहेत.

एक वाद आपला अर्धा राहिला. मी म्हणायचे, काका, आपण एकेक बल्ब विझवायचा आणि तिकडे हिंजवडीला काचेच्या इमारतींत भर दुपारी पडदे ओढून दिवे लावून बसायचं. आपल्या गल्लीने काय होणार? तुम्ही म्हणायचात, चंद्रपूरला कोळसा जळतो तेव्हा इथला पंखा फिरतो. तिकडची माणसं ती राख गिळतात, निदान फुकट नको जाळायला. मी म्हणायचे, हे काचवाल्यांना सांगा. तर तुम्ही खरंच गेलात! हिंजवडीत मनूला नोकरी लागली त्या कंपनीत, कॅन्टीनमध्ये, इस्त्रीचा शर्ट घालून. तिथल्या पोरांना म्हणालात, "तुम्ही इतके हुशार, मग ऊन खिडकीबाहेर उभं असताना आत ट्यूब कशाला?" त्यांनी फोटो काढले. पडदे काही उघडले नाहीत. परवा मनू म्हणाली, तिच्या मजल्यावर आता दुपारी दिवे बंद असतात, तिने सगळ्यांमागे लकडा लावला. एक मजला, काका. बाकीचे पंधरा अजून पेटलेले आहेत. म्हणजे माझंच म्हणणं बरोबर. आणि तुमचंही थोडं.

आता एक गोष्ट, जी मी बारा वर्षं पोटात ठेवली. कचेरीत साहेबांनी मला तो अर्ज दाखवला होता. गिरणी हलवावी. अक्षर तुमचं होतं. पहिली सही तुमची होती. टाँग टेस्टर घेऊन दारात आलात तेव्हाच मला माहीत होतं की हाच तो माणूस. म्हणून तर दोराचं बोलले. त्या महिन्यात तुमच्या भुवया पिठाने माखलेल्या बघताना किती वेळा ओठांवर आलं. पण तुम्ही स्वतःची चूक स्वतः मोजून काढलीत, सगळ्या गल्लीसमोर खोडलीत, आणि वर आपली झोप दिलीत. त्यानंतर मी काय बोलायचं? बोलले असते तर तुम्ही ओशाळला असतात, आणि ओशाळलेले दातारकाका मला बघवले नसते. राग तेव्हाच गेला होता. तेवढं सांगायचं राहिलं. आभार मानायचे राहिले ते वेगळेच. मानले असते तर "त्यात काय" म्हणून तुम्ही उठून गेला असतात.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून मी दुपारची गिरणी बंद ठेवली. समोरच्या घरात दुःख, आणि मी मोटार कशी लावायची? डबे घेतले, सकाळी थोडं दळून दिलं. एक ते चार मी दार लावून आत बसायचे. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी सव्वाएकला दारावर थाप. काकू उभ्या, भर उन्हात, अनवाणी.

"बंद का गं?"

"काकू, तुमच्या घरी सुतक, आणि मी आवाज करू?"

"अगं, बारा वर्षं मी त्या घरघरीत झोपले. समोर मोटार लागली की कळायचं, हे तिथे बसलेत, ठीक आहेत. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही." मग इकडे-तिकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "वकीलही तेच म्हणत होते. नुसतं कूस बदलत पडतात म्हणे."

मी पट्टा चढवला. कळ दाबली. गच्चीवर ऊन ओसंडत होतं, मोटारीने एकदम सूर पकडला. काकू थोडा वेळ दाराशी उभ्या राहिल्या, मग पदर सावरत समोरचा जिना चढून गेल्या. मी वही उघडली आणि पहिल्या डब्यावरचं नाव लिहिलं. दोन वाजेपर्यंत सगळी गल्ली निजली होती, काका. काकूसुद्धा. पार चार वाजेपर्यंत.